गोठवायचं बटण

“यातलं गोठवायचं बटण कोणतं म्हणालीस?”

“ते डावीकडचं, सर. पुढच्या पानाच्या बटणाला लागून आहे ते.”

“आणि दोन्ही एकाच मापाची, एकाच रंगाची. हे बनवणाऱ्याचा म्हाताऱ्या माणसांवर काहीतरी राग असावा.”

उकिडवे सरांनी चष्मा कपाळावर चढवला, रिमोट नाकाशी नेला आणि एखादा नवा दगड हातात आल्यावर पाहत तसा तो उलटसुलट करून पाहिला. सेमिनार हॉलमध्ये आम्ही दोघंच होतो. दोन दिवसांनी कॉलेजच्या मूल्यांकनासाठी बाहेरची समिती येणार होती आणि प्रत्येक विभागप्रमुखाला प्रोजेक्टरवर स्लाइड दाखवत सात मिनिटांत आपल्या विभागाची माहिती द्यायची होती. सरांनी बत्तीस वर्षं खडू-फळ्यावर भूगर्भशास्त्र शिकवलं होतं. त्यांना रिमोट शिकवायचं काम माझ्याकडे आलं, कारण विभागात सर आणि मी सोडून तिसरं कुणी नव्हतंच.

“पुन्हा सांग. हे दाबलं की काय होतं?”

“पडद्यावर जे आहे ते तसंच राहतं. तुम्ही लॅपटॉपवर काहीही करा, पुढे जा, मागे जा, दुसरी फाइल उघडा, समोरच्यांना काही दिसत नाही. पुन्हा दाबलं की पडदा सुटतो आणि लॅपटॉपवर त्या वेळी जे असेल ते दिसतं.”

“म्हणजे लाव्हा वरून थंड झाला, पण आत वाहतोच आहे.” सर खूश झाले. “फार सभ्य बटण आहे हे. माणूस आत शोधाशोध करतो आणि बाहेर त्याची अब्रू जात नाही. आणि हे काळं?”

“ते पडदा काळा करतं. बोलताना सगळ्यांचं लक्ष आपल्याकडे यावं असं वाटलं की दाबायचं.”

“माझ्याकडे लक्ष देऊन काय करणार आहेत? ते नको. मला पुढे आणि मागे, एवढं पुरे.”

पण तेवढंही जमेना. सरांचा उजवा अंगठा दोनेक वर्षांपासून थरथरायचा. पुढच्या पानावर जायला गेले की अंगठा हमखास शेजारच्या बटणावर पडायचा आणि पडदा गोठायचा. सर बोलत पुढे जात आणि पडदा मागेच राही. चार वेळा असं झाल्यावर ते खुर्चीत बसले आणि अंगठ्याकडे पाहून म्हणाले, “बत्तीस वर्षं हातोडा चालवलाय यानं. आता बटणाला घाबरतो.”

मी म्हणाले, “सर, तुम्ही फक्त बोला. स्लाइड मी बदलते.”

“नाही. तो वाकड्या नजरेचा सचिव म्हणेल, बघा, यांना साधा रिमोट चालवता येत नाही आणि यांना दोन वर्षं मुदतवाढ हवीय.”

ही मुदतवाढ काय होती ते सांगायला हवं. आमच्या नांदूरपेठेच्या कॉलेजात हा विभाग विनाअनुदानित होता, त्यामुळे कुणाला ठेवायचं आणि कुणाला घरी पाठवायचं हे सगळं संस्थेच्या मर्जीवर. सर ऑक्टोबरअखेर निवृत्त होणार होते. त्यांना आणखी दोन वर्षं हवी होती ती खुर्चीसाठी नव्हे, दगडांसाठी. जुन्या गोदामाच्या खोलीत त्यांनी अकराशेच्या वर दगड जमवले होते. आमच्या भागात विहिरी खोदताना काळ्या पाषाणाच्या पोटात कधीकधी स्फटिकांचे घोस सापडतात, पांढरे, पोपटी, गुलाबी. दर वर्षीच्या मुलांनी आपापल्या गावाहून ते आणायचे, सरांनी त्यावर पांढऱ्या रंगाने क्रमांक घालायचा आणि वहीत आणणाऱ्या मुलाचं नाव लिहायचं. निम्म्या दगडांची नीट ओळख पटवून चिठ्ठ्या लावून झाल्या होत्या. उरलेल्या निम्म्यांसाठी सर दोन वर्षं मागत होते. मग ते रीतसर संग्रहालय झालं असतं आणि त्याला कुणी हात लावू शकलं नसतं.

आणि सर थांबले तर माझी जागा थांबणार होती. मी नऊ वर्षं तासिका तत्त्वावर शिकवत होते. दर जूनला नेमणूक, दर एप्रिलला छुट्टी. कायम शिक्षकांच्या खोलीत माझ्यासाठी खुर्ची नव्हती. कुणी रजेवर असलं की मी त्याच्या खुर्चीत बसायची. वयाची अट अडतिसाची होती आणि मला सदतीस पूर्ण झाली होती. विभागात कायम जागा एकच, आणि तिच्यावर सर बसले होते.

हे मी सरांना कधी बोलून दाखवलं नाही. ते मला अशा माणसाला सांगावंसं वाटलं नाही, ज्यानं मला दगडातून काढलं होतं. हे मी शब्दशः म्हणते आहे. माझे वडील विहिरी खोदणाऱ्या टोळीत होते. मी दुसऱ्या वर्षाला असताना त्यांना एका विहिरीत सुरुंग उडवल्यावर हिरवट स्फटिकांनी भरलेली कपार सापडली. मी त्यातला एक तुकडा फडक्यात बांधून सरांना दाखवला. सर त्याच दुपारी माझ्याबरोबर यष्टीनं आमच्या गावी आले आणि दोर धरून थेट विहिरीत उतरले. तळाशी अंधार होता. त्यांनी पिशवीतला टॉर्च काढला, बटण दाबलं, तो काही लागेना.

“मास्तर, तुमची बॅटरी मेली वाटतं,” वडील म्हणाले.

“मेली नाही, झोपवून ठेवलीय.” सरांनी झाकण उघडलं, एक सेल उलटा होता तो सुलटा केला आणि उजेड पडला. “पिशवीत चुकून बटण दाबलं गेलं की सेल उतरतात. एक उलटा घालून ठेवला की कितीही दाबा, जळत नाही. पोरी, लक्षात ठेव. डोंगरात फिरणाऱ्यानं बॅटरी नेहमी झोपवून न्यायची.”

वर आल्यावर त्यांनी वडिलांना विचारलं, पोरीला पुढे शिकवणार ना? वडिलांच्या डोक्यात त्या वर्षी माझं लग्न होतं. सर बांधावर बसले, म्हणजे उकिडवेच बसले, ते नेहमी तसेच बसायचे आणि आडनावही तेच, त्यामुळे प्रत्येक वर्षीच्या मुलांना हा विनोद नव्यानं सुचे. अंधार पडेपर्यंत ते वडिलांशी बोलत राहिले. शेवटची यष्टी चुकली. पण माझं शिक्षण सुटलं नाही. त्या दगडाचा वहीतला क्रमांक चारशे सतरा.

तर रिमोटची तालीम झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी संस्थेच्या सचिवांनी मला केबिनमध्ये बोलावलं. आप्पासाहेब वरपे कधी कुणावर आवाज चढवत नसत. समोरच्याला चहा पाजून ते बोलत.

“बसा, वाकचौरे मॅडम. सरांची तयारी करून घेताय म्हणे.”

“हो.”

“चांगलं आहे. गुरूची सेवा आहे.” त्यांनी बशीत चहा ओतला. “सरांच्या त्या दगडांच्या खोलीचं समितीनं अहवालात कौतुक केलं, तर मुदतवाढीला आम्हाला नाही म्हणता येणार नाही. मग दोन वर्षं. तुमचं वय किती आता?”

“सदतीस.”

“म्हणजे दोन वर्षांनी एकोणचाळीस.” त्यांनी जणू पहिल्यांदाच हिशेब केला. “आणि नाही केलं कौतुक, तरी कॉलेजच्या श्रेणीला धक्का लागत नाही. चौदा विभाग आहेत. एखाद्याचं इकडंतिकडं व्हायचंच.”

एवढंच ते बोलले. कुणी मला काही कर म्हणून सांगितलं नाही. हे मी स्वतःला सोडवण्यासाठी सांगत नाही, उलट अडकवण्यासाठी सांगते आहे. सांगितलं असतं तर निदान दोष वाटून घ्यायला एक भागीदार मिळाला असता.

तेवीस सप्टेंबर दोन हजार अकरा. सकाळी नऊलाच मी हॉलमध्ये गेले. सरांच्या रिमोटमध्ये नवे सेल घातले, सगळी बटणं दाबून पाहिली. पुढे, मागे, गोठवणं, सोडवणं, सगळं चोख होतं. तेवढ्यात सर आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, आणि खिशाला नेहमीप्रमाणे छोटं भिंग.

“दे इकडे. जरा हात बसवतो,” म्हणाले आणि रिमोट घेऊन बाहेरच्या व्हरांड्यात गेले.

मी संगणक प्रयोगशाळेत गेले. तिथला प्रोजेक्टरही त्याच कंपनीचा होता, म्हणून त्याचा रिमोट हॉलमध्येही चाले. तो मी उचलून पिशवीत टाकला. देवाशपथ सांगते, त्या क्षणी मनात एवढंच होतं की सरांचा अंगठा चुकला आणि पडदा गोठला, तर मागच्या रांगेतून मी तो हळूच सोडवीन. कुणाला कळणार नाही. सरांनाही नाही.

अकराच्या सुमारास भूगर्भशास्त्राचा पुकारा झाला. पहिल्या रांगेत समितीचे तिघं, मधोमध अध्यक्षा, पिकलेल्या केसांच्या, एका मोठ्या विद्यापीठातल्या बाई. मागे आमचे सगळे शिक्षक. मी शेवटच्या रांगेत, प्रोजेक्टर माझ्या डोक्यावर छताला. मांडीवर फाइल, फाइलीखाली रिमोट.

सर लाकडी डेस्कमागे उभे राहिले. डेस्कवर लॅपटॉप, उजव्या हातात रिमोट, डावा हात डेस्कच्या फळीआड. त्यांनी सुरुवात केली आणि मला आश्चर्य वाटलं. एक एक स्लाइड कशी सरळ पुढे जात होती. अंगठा एकदाही चुकला नाही. दोन दिवसांत मी यांना तयार केलं, अशी शाबासकी मी स्वतःला दिली सुद्धा. नवव्या स्लाइडवर आमच्या तालुक्याचा नकाशा आला, कुठल्या लाव्ह्याचा थर कुठवर पसरलाय तो.

सर म्हणाले, “हा थर जिथं जिथं विहिरींनी फोडला, तिथून आमच्या विद्यार्थ्यांनी दगड आणले. एकेका दगडावर त्या मुलाचं नाव आहे. आता मी तुम्हाला ती खोली दाखवतो.”

अध्यक्षाबाई मागे रेलून बसल्या होत्या त्या पुढे सरकल्या. हातातला चहाचा कप खाली ठेवला आणि विचारलं, “म्हणजे सगळा संग्रह विद्यार्थ्यांचा? विकत घेतलेला एकही नाही?”

“एकही नाही, मॅडम.”

त्यांनी पेन उचललं.

ते पेन मला अजून दिसतं. त्या पेनानं त्या काय लिहिणार हे मला कळलं, आणि त्याचा माझ्यापुरता अर्थही कळला. आणखी दोन वर्षं दुसऱ्याच्या रिकाम्या खुर्चीत बसायचं, आणि मग तेही नाही. माझा अंगठा थरथरत नव्हता. मी गोठवायचं बटण दाबलं.

सर समोर पाहून बोलत होते. “हे पहिलं फडताळ. यात सगळे पांढरे आहेत. आणि हे पाहा, इथं खालच्या कप्प्यात…” ते हात लांबवून दाखवत होते आणि मागे पडद्यावर तोच नकाशा होता. खालच्या कप्प्याच्या जागी आमच्या तालुक्याची नदी. मधल्या रांगेत कुणीतरी खुसखुसलं. मग दुसरं कुणी. सरांना वाटलं लोकांना आवडतंय, ते आणखी रंगात आले.

अध्यक्षाबाई म्हणाल्या, “सर, पडद्यावर नकाशाच आहे.”

सरांनी वळून पडदा पाहिला. मग लॅपटॉप पाहिला. मग पुन्हा पडदा. मग मान वर करून त्यांनी छतावरच्या प्रोजेक्टरकडे पाहिलं आणि तिथून नजर खाली आणली, शेवटच्या रांगेत, माझ्यावर.

त्यांनी उजवा हात सरळ ताठ केला, रिमोट प्रोजेक्टरवर रोखला आणि बटण दाबलं. थांबले. माझ्याकडे पाहिलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं, पुन्हा थांबले, पुन्हा माझ्याकडे पाहिलं. असं चार वेळा. मला वाटलं, पाठ विसरलेलं पोर बाईंकडे बघतं तसे ते बघताहेत, आता कोणतं दाबू म्हणून. त्यांचा रिमोट पडदा सोडवील, मग मला पुन्हा गोठवावा लागेल, या धास्तीनं माझा अंगठा बटणावरच होता. पण पडदा हलला नाही. यांचं बोट बाजूच्याच बटणावर पडत असणार, अशी मी माझी समजूत घातली.

संगणकाचा एक शिक्षक मदतीला उठला. सरांनी हातानंच त्याला बसवलं.

“असू द्या. माझ्याच हातून काहीतरी दाबलं गेलं असावं. माफ करा, मॅडम. वयाचा दोष आहे.”

आता जवळजवळ सगळेच हसले. बाईही थोडं हसल्या, वाईट मनानं नव्हे. त्यांनी पेन खाली ठेवलं. पुढच्या मिनिटभर सर चित्रांवाचून बोलत राहिले, पण कुणी ऐकत नव्हतं. सात मिनिटं झाली आणि घंटी वाजली.

पुढच्या विभागाला पडदा लागणार होता. मी बटण पुन्हा दाबलं. नकाशा गेला आणि लॅपटॉपवर जी स्लाइड होती ती भिंतभर उमटली. पोपटी स्फटिकांचा घोस, मोठा आणि झळझळीत. खाली लिहिलं होतं: क्रमांक ४१७, कु. संजीवनी वाकचौरे, द्वितीय वर्ष. ही स्लाइड तालमीत नव्हती. सरांनी ती मागाहून घातली होती.

“पुढचा विभाग, वनस्पतिशास्त्र,” कुणीतरी पुकारलं.

सर डेस्कमागून निघाले ते सरळ चालत शेवटच्या रांगेत आले. रिमोट माझ्या तळहातावर ठेवला आणि माझी बोटं त्यावर मिटवली.

“तुझ्याजवळच ठेव हा,” म्हणाले. “तू नीट शिकवलं होतंस.”

“सर, मी…”

“तू नीटच शिकवलं होतंस, संजीवनी.”

बाहेर जाताना त्यांनी चपला शोधल्या. हॉलमध्ये चपला बाहेर काढायची पद्धत नव्हतीच, त्या त्यांच्या पायातच होत्या. ते मी खिडकीतून पाहिलं आणि मान फिरवली.

त्याच दुपारी मी तो रिमोट एका प्लास्टिकच्या पिशवीत घातला, वर गाठ मारली आणि माझ्या कपाटाच्या तळच्या खणात टाकला. मला तो डोळ्यांपुढे नको होता. हॉलला प्रयोगशाळेतला दुसरा रिमोट दिला. त्यावर सगळ्यांचं भागलं.

समितीच्या अहवालात आमच्या विभागाबद्दल दीड ओळ होती. अध्यापनात आधुनिक साधनांचा वापर अपुरा, असं त्यात म्हटलं होतं. संग्रहाचा उल्लेख नव्हता. ऑक्टोबरअखेर सरांना शाल आणि नारळ मिळाला. डिसेंबरात माझी जागा कायम झाली, मला खुर्ची मिळाली, आणि पहिल्या दिवशी तिच्यावर बसल्यावर मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू, पोटभर आनंद झाला. खंत नंतर आली आणि ती मात्र गेली नाही.

मे महिन्यात गोदामाची खोली पाडून तिथं गाड्या लावायची जागा करायचं ठरलं. मी आप्पासाहेबांना म्हणाले, दगड दुसरीकडे हलवू. ते म्हणाले, “कुठं? तुमच्या केबिनमध्ये?” मी विषय तिथंच सोडला. जी खुर्ची मिळवली होती ती घट्ट धरून बसायची मला सवय लागली होती. ट्रॅक्टरवाल्यानं फडताळं रिकामी केली आणि सगळे दगड भरावात टाकले. वरून मुरूम पडला, रोलर फिरला. त्यावर माझी स्कूटर मी रोज लावते.

दगड टाकत होते त्या दिवशी सर आले होते. कुणी कळवलं ठाऊक नाही. ते कडेला उकिडवे बसून पाहत होते. शिपाई रंगनाथ त्यांना म्हणाला, “सर, उन्हात नका बसू.” सर म्हणाले, “यातला एक नेऊ का रे? कुणाला विचारावं लागेल?” रंगनाथ रडायलाच लागला. सरांनी ढिगात हात घालून बराच वेळ शोधलं आणि एक दगड रुमालात बांधला. संध्याकाळी ते माझ्या घरी आले.

“हा तुझा,” म्हणाले. “तुझ्या वडिलांच्या विहिरीतला. बाकीच्यांची घरं मला माहीत नाहीत.”

मी चहा टाकला. सगळं सांगून टाकावं असं वाटत होतं. सर साखर ढवळत म्हणाले, “तुझा वर्ग कसा चाललाय? मुलांना विहिरीत उतरवतेस की नुसतं पडद्यावर दाखवतेस?”

“पडद्यावर, सर.”

“हं. तुझा हात चांगला आहे त्यात.”

यात मला तेव्हा काही वेगळं ऐकू आलं नाही. उलट वाटलं, बरं झालं, यांना काही कळलेलं नाही. मी सांगायचं टाळलं. सहा वर्षांनी सर गेले. शोकसभेत त्यांच्या आठवणींच्या स्लाइड मीच दाखवल्या, आणि त्या उत्तम झाल्या असं सगळे म्हणाले.

मागच्या वर्षी हॉलमध्ये नवा पडदा आला. जुना प्रोजेक्टर भंगारात काढायचा होता. भांडारातला कारकून, अमोल नावाचा, फोनवर म्हणाला, “मॅडम, हॉल आणि प्रयोगशाळा मिळून दोन रिमोट होते. एक प्रयोगशाळेचा मिळाला. दुसरा तुमच्याकडे आहे असं कळलं.”

मी तळचा खण ओढला. पिशवीची गाठ तेरा वर्षांपूर्वी मारलेली, तशीच होती. ती सुटेना, म्हणून कात्रीनं कापली. रिमोटच्या झाकणाच्या फटीतून पांढरी भुकटी आली होती. सेल आत फुटले असणार, म्हणून ते काढायला मी झाकण सरकवलं.

दोन सेल शेजारी शेजारी. एकाचं टोक वर असेल तर दुसऱ्याचं खाली असायला हवं. दोन्हींची टोकं वर होती.

मला आधी वाटलं, घालताना माझंच चुकलं. पण त्या सकाळी मीच घातले होते आणि एक एक बटण दाबून पाहिलं होतं. त्यानंतर तो रिमोट एकाच माणसाच्या हातात गेला. अंगठा चुकीच्या बटणावर पडू नये म्हणून व्हरांड्यात जाऊन त्यांनी एक सेल उलटा केला होता. रिमोट झोपवून ठेवला होता. उजव्या हातात तो नुसता दाखवायला धरला होता आणि डेस्कच्या फळीआड डाव्या हातानं लॅपटॉपची बटणं दाबत ते नवव्या स्लाइडपर्यंत आले होते.

म्हणजे पडदा गोठला तेव्हा त्याच क्षणी सरांना कळलं होतं की तो त्यांच्या हातून गोठलेला नाही. दुसरा रिमोट कुठून येऊ शकतो आणि तो चालवता कुणाला येतो, हे कळायला त्यांना भिंग लागणार नव्हतं. सेल फिरवायला त्यांना दहा सेकंद लागले असते. ते त्यांनी केलं नाही. बंद रिमोट हातात धरून, समितीसमोर, हसणाऱ्या लोकांसमोर, त्यांनी चार वेळा बटण दाबलं. प्रत्येक वेळी थांबून माझ्याकडे पाहिलं. ते मला विचारत नव्हते, कोणतं दाबू म्हणून. ते मला चार वेळा सांगत होते की आता सोड.

फोन चालूच होता.

“मिळाला का, मॅडम?”

“मिळाला.”

“मग अर्जात लिहून टाकतो. चालू आहे की बंद?”

“बंद.”

“कधीपासून बंद, काही अंदाज?”

“तेवीस सप्टेंबर दोन हजार अकरा,” मी म्हणाले. “सकाळी साडेनऊपासून.”

पलीकडे अमोलनं कागद चाळला. मग म्हणाला, “एवढं लिहायला रकान्यात जागा नाही, मॅडम. नुसतं नादुरुस्त लिहितो.”